हात बसायला स्क्रॅप लागतं

दिवाळीला पुतणी घरी आली होती. सर्जरीच्या एम.एस.चं तिचं दुसरं वर्ष. फराळ आटोपून ती सरळ वर्कशॉपमध्ये आली आणि म्हणाली, "काका, एक डबा करून देतासा?" मला वाटलं, हॉस्टेलवर काहीतरी ठेवायला हवा असेल. तिनं जुन्या बिलाच्या पाठीमागं चित्र काढलं. मध्यम आकाराची पेटी, झाकणाला दोन भोकं, भोकांवर रबर, आत एलईडीची पट्टी आणि मोबाइल अडकवायला क्लिप. "हे पोट," ती म्हणाली.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथ मशीन तीस वर्षं चालतंय. पंपाचे पार्ट केले, ऑइल इंजिनाचे केले. पोटाची ऑर्डर पहिल्यांदाच आली.

डबा अर्ध्या दिवसात झाला. पण तो लागतो कशाला आणि मेडिकल कॉलेज सोडून पोरगी माझ्याकडं का आली, हे समजायला पुढं काही महिने गेले. तिनं पाठवलेलं वाचलं, तिला फोन करून छळलं. त्यातून जे कळलं ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, मशीनवाला आहे, तेव्हा उदाहरणं मशीनचीच येणार.

आधी दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सांगतो. पूर्वी पित्ताशय काढायचं तर बरगडीखाली चांगला लांब छेद घेऊन, पोट उघडून, हात आत घालून काढायचे. आता अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून फूटभर लांबीची बारीक हत्यारं. सर्जन बघतो ते समोरच्या पडद्याकडं. एरिख म्यूहे या जर्मन सर्जननं १९८५ साली असं पित्ताशय पहिल्यांदा काढलं. भारतात १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी. पेशंटला दुखणं कमी, घरी लवकर. सगळं त्याच्या सोयीचं आणि हाताच्या गैरसोयीचं.

गैरसोय कसली, तर पोटाच्या भिंतीतलं भोक हा टेकू होतो. पहार घालून दगड उचलताना आपण हात खाली दाबतो आणि पहारीचं टोक वर येतं, तसं. हात उजवीकडं नेला की आतलं टोक डावीकडं जातं. हत्यार जितकं खोल, तितकी टोकाची हालचाल मोठी, म्हणजे हे उलटं गणितही एका जागी थांबत नाही. त्यात पडदा सपाट, त्यामुळं पुढचं काय आणि मागचं काय याचा अंदाज डोळ्याला येत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्पर्श जातो. टूल जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला टेकलं की आम्हाला हँडलमधून बोटाला कळतं. चिप कशी निघतेय ते डोळे मिटून सांगता येतं. इथं बोटाला लागतो तो भोकातल्या रबराचा अडसर. समोर काय आहे, मऊ की कडक, याची खबर अगदी पुसट पोचते.

डबा तयार झाल्यावर मी स्वतः बसलो. आत खुंट्या आणि सहा रबरी तुकडे. डाव्या हातातल्या चिमट्यानं तुकडा उचलायचा, हवेतच उजव्या चिमट्याला द्यायचा, पलीकडच्या खुंटीवर घालायचा. सहाही झाले की उलट दिशेनं परत. सोपं दिसतं. पहिला तुकडा खुंटीवर बसेपर्यंत घाम आला, दुसरा कोपऱ्यात उडाला तो सापडेना. मायक्रोमीटरवर आयुष्य काढलेला माणूस मी. पुतणी हसून म्हणाली, "सगळ्यांचं असंच होतंय."

तर प्रश्न असा की हे 'सगळ्यांचं असंच' पहिल्यांदा कुठं होऊ द्यायचं? डब्यात की कुणाच्या तरी पोटात?

सर्जरी शिकायची जुनी रीत म्हणजे उमेदवारी. अमेरिकेत हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिला शिस्त लावली: आधी बघा, मग हाताखाली करा, मग जबाबदारी घ्या. पुढं तिची म्हणच झाली, एक बघ, एक कर, एक शिकव. ही रीत वाईट नाही. आम्हीही वस्तादाच्या हाताखालीच शिकलो. पण आमच्याकडं नवा पोरगा आला की पहिले काही आठवडे त्याला स्क्रॅपमधला रॉड देतात. घास, बिघडव, परत घास. हात बसला की मग गिऱ्हाइकाचं मटेरियल. माणसाच्या शरीरात स्क्रॅपची पेटी नसते, त्यामुळं सर्जरीत पहिला रॉडच गिऱ्हाइकाचा.

दुर्बीण आली तेव्हा हे उघडं पडलं. उघडं पोट करण्यात हयात गेलेले सर्जनही या नव्या पद्धतीत शिकाऊच होते. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये जी इजा सगळ्यात महाग पडते ती मुख्य पित्तनलिकेची. जुन्या पद्धतीत ती साधारण हजारात एक-दोन जणांना व्हायची. नव्वदीच्या दशकात दुर्बीण झपाट्यानं पसरली आणि हे प्रमाण हजारात पाचाच्या आसपास गेलं. नवं मशीन आणलं की आमच्याकडंही पहिले महिने रिजेक्शन वाढतं. फरक एवढाच, की रिजेक्ट झालेला पार्ट रात्री पोट दुखतंय म्हणून रडत नाही.

सिम्युलेशन म्हणजे हे स्क्रॅप मुद्दाम तयार करणं. मराठीत त्याला तालीम म्हटलं तरी चालेल. कुस्तीचीही तालीमच आणि नाटकाचीही. मातीत हजार वेळा चीतपट झालेला पोरगाच खासबागेच्या मैदानात उतरतो, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. सर्जनच्या तालमीत साधा डबा येतो, सिलिकॉनची कातडी येते, संगणकावरचं खोटं पोट येतं, मेलेल्या जनावराचं आतडं येतं आणि देहदानातून मिळालेला मृतदेहही येतो.

उपयोग होतो का? येल विद्यापीठात २००२ साली याची नीट चाचणी झाली. सोळा शिकाऊ सर्जन घेतले. निम्म्यांना संगणकावरच्या सिम्युलेटरवर ठरलेली पातळी गाठेपर्यंत सराव दिला, निम्म्यांना नेहमीचं शिक्षण. मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवलं आणि त्याचे व्हिडिओ, कोण कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासले. सराव केलेले २९ टक्के जास्त वेगानं काम करत होते. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडं चटका बसण्याची शक्यता पाचपट होती.

मग हे घरोघरी का नाही? विचारलं की सगळे पैशाकडं बोट दाखवतात. ते निम्मंच खरं आहे.

संगणकावरचा चांगला सिम्युलेटर लाखांत जातो, भारीतला तर कोटीच्या घरात. पण टोरांटोतल्या एका प्रयोगानं मला खुर्चीतून उठवलं. मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून खडा काढायचं काम शिकवायचं होतं. एका गटाला ३,७०० डॉलरचं हुबेहूब मॉडेल दिलं. दुसऱ्याला पालथा कप, रबरी नळी आणि शीतपेयाचे स्ट्रॉ जोडून केलेलं वीस डॉलरचं. तिसऱ्या गटाला फक्त व्याख्यान. परीक्षेत मॉडेलवाले दोन्ही गट व्याख्यानवाल्यांच्या पुढं गेले. पण वीस डॉलर आणि ३,७०० डॉलर यांच्यात मोजण्याजोगा फरक निघाला नाही. २००२ सालचीच गोष्ट ही.

म्हणजे हुबेहूब दिसणं वेगळं आणि शिकायला कामाला येणं वेगळं. ज्या गोष्टीवर हात बसायला पाहिजे तेवढी गोष्ट खरी हवी. माझ्या डब्यात यकृत नाही, पित्ताशय नाही. पण टेकूचं उलटं गणित आणि सपाट पडदा, दोन्ही शंभर टक्के खरे आहेत. पहिल्या वर्षाच्या पोराला लागतं तेवढंच.

तरी खरेदी होते ती मोठ्या मशीनचीच. डब्यासाठी कोण टेंडर काढणार, आणि फीत कापायला डब्यापुढं कोण उभं राहणार? मशीन येतं, फोटो निघतात. मग वर्षभरात वॉरंटी सरते. पुतणीच्या ओळखीतल्या एका कॉलेजात (नाव लिहीत नाही) असं मशीन प्लॅस्टिकच्या कव्हरखाली झोपलंय. हँडलमधली एक पिन तुटली. उद्यमनगरात ते वीस मिनिटांचं काम. पण बाहेरच्यानं हात लावला तर कंपनी जबाबदारी घेत नाही, कंपनीचा माणूस लांबून यायचा, त्याच्या फेरीचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा हे ठरेना. खोलीला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर. म्हणून पोरगी डबा मागायला काकाकडं.

कागदावर मात्र सगळं जागेवर आहे. देशात एम.बी.बी.एस.चा नवा अभ्यासक्रम २०१९ साली आला, तेव्हा कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजे स्किल्स लॅब, कॉलेजांना सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण खोली सक्तीनं बांधता येते, त्या खोलीत कुणी बसायचं आणि कधी, हे सक्तीनं होत नाही.

माझ्या मते खरी अडचण इथं आहे. कोल्हापुरातल्या मोठ्या रुग्णालयाची सकाळची ओपीडी बघा. जिल्हा आहेच, वर कोकणातून आलेली माणसं, सीमेपलीकडून बेळगाव बाजूची. शिकवणारा सर्जन आणि ही गर्दी बघणारा सर्जन एकच असतो. साधा हिशेब करू. दहा रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, प्रत्येकाजवळ आठवड्याला फक्त अर्धा तास बसायचं म्हटलं तरी पाच तास झाले. म्हणजे एका वरिष्ठ सर्जनची एक अख्खी सकाळ. त्या सकाळची ऑपरेशनं कुणी करायची? यादीत नंबर लागलेल्या पेशंटला काय सांगायचं, की साहेब आज डब्यावर शिकवतायत? रेसिडेंटची तऱ्हा वेगळी नाही. रात्रभर कॅज्युअल्टीत उभं राहून आलेल्या पोराला "जा, दोन तास गाठी मार" म्हणणं सोपं आहे; तो टेबलावर डोकं ठेवून झोपणार. म्हणून जिथं हे जमलंय तिथं सरावाचे तास ड्युटीच्या तक्त्यातच घातलेले असतात आणि त्या वेळात फोन आला तरी दुसरा कुणीतरी जातो. तो 'दुसरा कुणीतरी' आणायचा कुठून, ही महाग गोष्ट. मशीन त्यापुढं स्वस्त.

वस्ताद नसेल तर एकट्यानं सराव का करू नये? करावा, पण जपून. चुकीची पकडही हजार वेळा केली की पक्की होते. आमच्याकडं एक जण टूलपोस्ट आवळताना मनगट वाकडं करायचा, सुरुवातीला कुणी टोकलं नाही. वीस वर्षांनी त्याचं मनगटही गेलं आणि सवयही राहिली. सरावानं हात बसतो, पण बरोबर जागी बसेल याची हमी सराव देत नाही. ती बघणारा माणूस देतो.

काही वरिष्ठांना मुळात हे पटतच नाही, तेही सांगायला पाहिजे. "आम्ही पेशंटवरच शिकलो, काय बिघडलं?" बिघडलं ते मोजलंच कुणी नव्हतं.

मोजायचं म्हटलं की पुढचा गुंता. आमच्याकडं भोकाचं माप तपासायला गो आणि नो-गो गेज असतो. भोकात गो गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. मालकाचा भाचा असो नाहीतर शिपायाचा पोरगा, गेज तोंड बघत नाही. सर्जनच्या हाताला असा गेज कुठला? फक्त वेळ मोजला तर पोरं घाईनं ओढाताण करायला शिकतात. टोरांटोतच नव्वदीच्या दशकात एक पद्धत निघाली: शिकाऊ सर्जन एकेक टेबल फिरत जातो, प्रत्येक ठिकाणी एक काम, आणि बघणारा तज्ज्ञ ठरलेल्या मुद्द्यांवर एक ते पाच गुण देतो. आतलं मांस हळुवार हाताळतो का, विनाकारण हालचाली करतो का, पुढचं पाऊल त्याला माहीत आहे का, अशा गोष्टी. अमेरिकेत २००४ साली दुर्बिणीच्या पायाभूत कौशल्यांची परीक्षा सुरू झाली. खुंट्या बदलणं, गॉजवर छापलेलं वर्तुळ बरोबर रेषेवर कापणं, फास टाकणं, बाहेर बांधून आत सरकवायची गाठ आणि आतल्या आत मारायची गाठ, अशी पाच कामं, तीही माझ्यासारख्याच डब्यात. काही वर्षांत तिथल्या सर्जरी बोर्डानं ती पास झाल्याशिवाय आपल्या परीक्षेला बसता येणार नाही असं ठरवलं, आणि डब्यावरची धूळ आपोआप झटकली गेली. आपल्याकडंही दुर्बिणीच्या सर्जनांच्या संघटना कोर्स आणि परीक्षा घेतात, पण सराव पुरा झाल्याशिवाय खऱ्या पेशंटला हात लावायचा नाही असा दंडक प्रत्येक कॉलेजात असता तर किल्ली रजेवर गेली नसती.

डब्याला जे जमत नाही तेही कबूल करतो. सिलिकॉन रक्त सोडत नाही. त्यात चरबी नाही, जुन्या सुजेनं एकमेकांना चिकटलेले अवयव नाहीत. धार लागल्यावर भूलतज्ज्ञाचा आवाज बदलतो, नर्स काहीतरी विचारते आणि हात थरथरतो, हे त्यात कुठून येणार? म्हणून पुढच्या टप्प्याला खरं मांस लागतं. पोरं मटणाच्या दुकानात जातात. रविवारी सकाळी आपण रश्श्यासाठी रांगेत उभं असताना पुढं एखादं पोरगं फक्त वजडी मागत असेल, तीही न कापता, तर तो खवय्याच असेल असं समजू नका. आतडं आतड्याला शिवायचा सराव त्याच्यावर चांगला होतो. टाके घालायला कोंबडीची कातडी. मृतदेहावर शिकणं याहून चांगलं, पण देह टिकवायला घालतात त्या नेहमीच्या फॉर्मेलिननं मांस लाकडासारखं होतं. ऑस्ट्रियातल्या थील या शरीररचनातज्ज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत देह मऊ राहतो, सांधे हलतात; खर्च आणि खटाटोप मात्र वाढतो. आणि देहदान करणारी माणसं लागतातच.

आता हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय बघा. अख्खा अध्याय सरावावर आहे. सरावाला तिथला शब्द 'योग्या'. छेद घ्यायला कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी. टोचून फोडण्याचं काम पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. शीर वेधायला मेलेल्या जनावराची शीर आणि कमळाचा देठ. आत अडकलेलं ओढून काढण्यासाठी फणसाचा आणि बेलाचा गर, शिवण्यासाठी कापड आणि मऊ कातडं, पट्ट्या बांधायला माणसाएवढा बाहुला. कितीही ग्रंथ वाचला असला तरी हा सराव न केलेला शिष्य कामाला अपात्रच, असं तिथं म्हटलंय. कोहळा यकृतासारखा दिसत नाही याची सुश्रुतांना अडचण वाटली नव्हती. टोरांटोच्या स्ट्रॉचं आणि याचं तत्त्व एकच.

एक अडचण विसरण्याची. आपल्याकडं शिकवणं म्हणजे बहुतेकदा दोन दिवसांचं शिबिर: उद्घाटन, जेवण, सर्टिफिकेट, ग्रुप फोटो. पुन्हा टोरांटोच, २००६ साली ३८ शिकाऊ सर्जनना बारीक रक्तवाहिन्या जोडायचं शिकवलं. निम्म्यांना चारही धडे एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक. धडे तेच, तास तेवढेच. महिन्यानं परीक्षा घेतली तर आठवड्याला एक शिकलेले सरस ठरले. एका दिवसात हजार जोर मारून दंड होत नाहीत, तसंच हे. पण आठवड्याला एक तास चार वेळा मोकळा करणं ही परत तक्त्याची मारामारी, त्यापेक्षा एका रविवारी हॉल घेणं सोपं.

या विषयावर कुणीही बोललं की विमानाचं उदाहरण येतं: वैमानिक आधी सिम्युलेटरवर शिकतात, मग सर्जन का नाही? उदाहरण बरोबर आहे, फक्त अर्धं सांगतात. एका मॉडेलची दोन विमानं सारखी असतात, दोन पोटं नसतात. आणि वैमानिक स्वतः विमानात बसलेला असतो.

पुतणीचं सध्या असं चाललंय. ड्युटी संपली की हॉस्टेलवर पंधरा-वीस मिनिटं डबा. मोबाइलवर ते रेकॉर्ड होतंच, म्हणून तिनं एका वरिष्ठ मॅडमना व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्या कधीतरी रात्री उशिरा बघतात आणि दोन वाक्यांत उत्तर देतात. कोपर खाली घे. सुई मध्यावर धरतेस, मागं धर. वस्तादाचा अर्धा तास मिळत नाही, अर्धा मिनिट मिळतं. मला तर ही युक्ती त्या कव्हरखालच्या मशीनपेक्षा जास्त आवडली.

मागच्या महिन्यात ती डबा घेऊन परत आली. भोकातलं रबर फाटलं होतं. पंपाच्या गॅस्केटचं रबर मी कापायला घेतलं आणि सवयीनं दोन्ही भोकं उजेडात धरून बघितली. झिजलेला पार्ट हातात आला की तो कसा वापरला हे आम्हाला विचारावं लागत नाही. उजव्या भोकाचं रबर चिंध्या झालं होतं. डावं जवळजवळ नवं.

"डाव्या हातानं काम करत नाहीस काय गं?"

ती काही बोलली नाही. मी रबर एकाच बाजूचं बदललं आणि डबा तिच्याकडं दिला.